फायरप्लेसच्या वर काय लावावे आणि ते कसे टांगावे

फायरप्लेसच्या वर काय लावायचे, हा प्रश्न बहुतेक जणांना एखादा आरसा किंवा एखादे चित्र मनात भरल्यानंतर पडतो. मग ते विकत आणले जाते आणि सर्वांत शेवटी भिंतीकडे लक्ष जाते. हा क्रम उलटा असायला हवा. फायरप्लेसवरची भिंत तापते, तिच्यावर काजळी बसते आणि पुष्कळदा तिच्या पोटातून धूर जाण्याची नळी गेलेली असते. या तिन्ही गोष्टी घरातील दुसऱ्या कोणत्याही भिंतीत एकत्र आढळत नाहीत. त्यामुळे आधी ताप मोजायचा, मग भिंत ओळखायची आणि त्यांतून जे पर्याय उरतील त्यांतून आवडीची वस्तू निवडायची, असा क्रम मी स्वतः हे काम करताना ठरवला. पुढील टप्पेही त्याच क्रमाने मांडले आहेत.

कामाला लागण्यापूर्वी जवळ हवे

- फायरप्लेसची माहितीपुस्तिका (गॅसची, विजेची किंवा तयार बसवलेली असल्यास ही अत्यावश्यक आहे)
- धुराड्याच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल
- घर भाड्याचे असल्यास भिंतीला छिद्रे पाडण्याची मालकाची लेखी परवानगी
- साधा थर्मामीटर, मोजपट्टी, पाणसळ, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे
- भिंतीतील तारा, नळ्या व लोखंड शोधणारे यंत्र
- हॅमर ड्रिल (ठोके देत छिद्र पाडणारे), भिंतीच्या प्रकारानुसार बिटे, स्क्रू, रॉल प्लग (छिद्रात बसून स्क्रू घट्ट धरणारे प्लास्टिकचे प्लग) किंवा त्याच कामाचे धातूचे अँकर
- डोळ्यांसाठी चष्मा, धुळीसाठी मास्क, आणि मदतीला आणखी एक माणूस

१. फायरप्लेस कोणत्या प्रकारची आहे, हे पक्के करा

लाकूड जाळणारी विटांची जुनी फायरप्लेस, गॅसची बंद काचेची फायरप्लेस, गरम हवा फेकणारी विजेची फायरप्लेस आणि नुसती शोभेची, कधीही न पेटणारी फायरप्लेस, या चारही प्रकारांचे नियम वेगळे आहेत. शोभेची असेल तर पुढचे दोन टप्पे सोडून द्या, तुमच्यावर उष्णतेचे कोणतेही बंधन नाही. गॅसच्या आणि तयार बसवलेल्या फायरप्लेसच्या पुस्तिकेत जळाऊ वस्तू किती अंतरावर ठेवायच्या, हे आकृतीसह दिलेले असते. तो आकडा सर्वसाधारण नियमापेक्षा वेगळा असला तरी तोच पाळायचा. विजेच्या फायरप्लेसमध्ये गरम हवेची जाळी खाली आहे की वर, हे हात धरून पाहावे. जाळी वर असेल तर ती भिंत लाकडाच्या फायरप्लेसइतकीच तापू शकते.

लाकूड जाळणाऱ्या विटांच्या फायरप्लेससाठी एक उपयोगी मोजमाप अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत सापडते. तिच्यानुसार फायरप्लेसच्या उघड्या तोंडापासून ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर अंतरात लाकडासारखी जळाऊ वस्तू नसावी, आणि १२ इंचांपर्यंतच्या अंतरात ती दर इंचामागे इंचाच्या आठव्या भागापेक्षा अधिक पुढे आलेली नसावी. तोंडापासून ८ इंचांवर असलेली लाकडी पट्टी भिंतीपासून १ इंचापेक्षा जास्त पुढे येता कामा नये, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या भागातील नियम याहून कडक असतील तर ते पाळावेत.

२. ताप मोजा

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. नेहमी जेवढी आग पेटवता तेवढीच पेटवा आणि निदान दोन तास चालू ठेवा. विटांची जाड भिंत हळूहळू तापते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातला आकडा फसवा असतो. थर्मामीटर कागदी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि तीन ठिकाणी वाचन घ्या: मँटलच्या, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीच्या, लगेच वर, जिथे चौकटीचा मध्य येईल तिथे, आणि जिथे तिची वरची कड येईल तिथे. दुरून ताप मोजणारे इन्फ्रारेड यंत्र वापरत असाल तर चकचकीत धातूवर किंवा आरशावर ते चुकीचा आकडा दाखवते. अशा पृष्ठभागावर आधी कागदी पट्टी चिकटवावी आणि पट्टीवर नेम धरावा.

आकड्यांचा अर्थ मी असा लावतो. भिंत ३० अंश सेल्सिअसच्या आत राहत असेल, तर बहुतेक सर्व वस्तू चालतील. ३० ते ४० अंशांच्या दरम्यान धातू, चिनी माती, दगड, आरसा आणि सहज बदलता येतील अशा छापील प्रती लावाव्यात. ४० अंशांच्या वर कॅनव्हास, जुने लाकूड, छायाचित्रे किंवा विजेवर चालणारे काहीही लावू नये. अनेक टीव्हींच्या पुस्तिकांत वापराची कमाल मर्यादा नेमकी हीच, म्हणजे ४० अंश, दिलेली असते. भिंतीवर तळहात टेकून ठेवणे असह्य होत असेल, तर सजावटीचा विचार तिथेच थांबवून धुराड्याची तपासणी करून घ्यावी, कारण निरोगी बांधकामात मँटलच्या वरची भिंत इतकी तापत नाही.

मँटल भिंतीपासून किती पुढे आलेली आहे, हे येथे फार महत्त्वाचे ठरते. तोंडातून वर येणारी गरम हवा पुढे आलेल्या फळीला अडते आणि खोलीत वळते, त्यामुळे बरीच पुढे आलेली मँटल असलेल्या भिंतीचा वरचा भाग बराच थंड राहतो. मँटल अजिबात नसेल आणि भिंत तापत असेल, तर चित्राआधी मँटल बसवण्याचा विचार करावा.

३. धूर खोलीत येतो का, ते पाहा

पांढरे सुती फडके किंचित ओले करून तोंडाच्या वरच्या कडेवरून आणि मँटलच्या वरच्या भिंतीवरून फिरवा. फडके राखाडी झाले तर ती साधी धूळ असू शकते. काळे, तेलकट डाग उमटले तर ती काजळी आहे आणि धूर थोडाथोडा खोलीत येतो आहे. धुराड्यातील झडप पूर्ण उघडत नसणे, नळीत काजळीचा थर साचणे किंवा ओले लाकूड जाळणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. हे आधी दुरुस्त करा. काजळी चिकट असते, ती कॅनव्हासच्या विणीत शिरते आणि घरी पुसायला गेल्यास आणखी आत जाते. शिवाय जिथून काजळी येते तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही येऊ शकतो, त्यामुळे हा प्रश्न भिंतीच्या शोभेपुरता राहत नाही. धुराडे वर्षातून एकदा तपासून घ्यावे आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असावे.

४. आता वस्तू निवडा

आरसा हा सर्वांत लोकप्रिय पर्याय आहे आणि त्याला उष्णतेचे भय कमी असते, पण आरसा निवडताना आरशाकडे पाहू नये, समोरच्या भिंतीकडे पाहावे. मँटलच्या उंचीवर बसवलेल्या आरशात बसलेल्या माणसाला छत, पंखा आणि दिव्यांचे बल्ब दिसतात. समोर खिडकी असेल तर खोली उजळते. समोर स्वयंपाकघराचे दार किंवा कपाटाचा माथा असेल तर तोच पसारा दुप्पट होतो. एक छोटा हातातला आरसा मँटलच्या वर धरून दुसऱ्याला खोलीतील प्रत्येक खुर्चीवर बसून पाहायला सांगा, पाच मिनिटांत निर्णय होईल.

मूळ तैलचित्र किंवा कॅनव्हासवरील एकमेव चित्र पेटत्या फायरप्लेसवर लावू नये, असे माझे ठाम मत आहे. कॅनव्हास, लाकडी चौकट आणि रंगाचा थर हे तिन्ही उष्णतेने आणि कोरड्या हवेने वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. आग विझली की पुन्हा फुगतात. रोजच्या या ताणाने रंगाला बारीक तडे जातात. संग्रहालये तापमान आणि आर्द्रता स्थिर ठेवण्यासाठी एवढी धडपडतात, त्यामागे हेच कारण आहे. घराण्यातील जुने छायाचित्र लावायचे असेल तर त्याची चांगली प्रत काढून ती लावावी आणि मूळ छायाचित्र अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे.

चित्रावर काच लावावी की ॲक्रिलिक, हा प्रश्न पुढे येतोच. ॲक्रिलिकचे वजन तेवढ्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहूनही कमी भरते आणि ते सहजासहजी फुटत नाही. मात्र उष्णतेने ते काचेपेक्षा जास्त प्रसरण पावते, वाकते आणि स्थिर विद्युतभारामुळे धूळ ओढून घेते. त्यामुळे या एका जागेसाठी मी काचेला पसंती देतो.

धातूच्या जाळ्या, चिनी मातीच्या थाळ्या, कोरीव दगड आणि लोखंडी नक्षीकाम यांचा विचार लोक फारसा करत नाहीत, पण या भिंतीसाठी याहून निर्धास्त साहित्य नाही. बॅटरीवर चालणारे घड्याळ टाळावे, कारण सततच्या उष्णतेत बॅटरी लवकर संपते आणि तिच्यातील द्रव बाहेर येऊ शकतो. सुकी फुले, वेली, कापडी माळा, कागदी सजावट आणि लोकरीचे विणकाम यांबाबत तडजोड नको: आग पेटवण्याआधी ती उतरवलीच पाहिजेत, आणि रोज उतरवणे जमणार नसेल तर ती लावूच नयेत.

टीव्हीबद्दल थोडक्यात सांगतो. ताप मर्यादेत असला तरी बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असते आणि मँटलवरचा टीव्ही त्याच्या पुष्कळ वर जातो. मान वर करून तासभर पाहणे त्रासाचे होते.

५. माप आणि उंची ठरवा

वस्तूची रुंदी मँटलच्या रुंदीच्या सुमारे दोन तृतीयांश असावी, हा जुना आणि खात्रीचा आडाखा आहे. मँटल १५० सेंटिमीटरची असेल तर १०० सेंटिमीटरच्या आसपासची चौकट शोभते. ती मँटलपेक्षा रुंद कधीच नसावी. अनेक लहान चौकटी लावायच्या असतील तर त्या सर्वांचा मिळून होणारा बाह्य आकार याच मापात बसवावा.

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा, हा चित्रदालनांतला नियम येथे लागू करण्याच्या फंदात पडू नका. मँटल १३० सेंटिमीटरवर आणि चौकट ७० सेंटिमीटर उंच असेल, तर चौकटीचा मध्य आपोआप १७५ च्या पुढे जातो. येथे वस्तूचे नाते डोळ्यांपेक्षा मँटलशी असते. चौकटीची खालची कड मँटलच्या वर १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवावी. त्याहून जास्त अंतर सोडले की चित्र छताकडे निघाल्यासारखे आणि मँटलपासून तुटलेले दिसते, आणि हीच चूक सर्वाधिक घरांत आढळते.

फायरप्लेस भिंतीच्या मधोमध नसेल तर मध्य कोणाचा धरायचा? फायरप्लेसचा. भिंतीचा मध्य धरून लावलेली चौकट कायम सरकल्यासारखी वाटते.

हे सगळे कागदावर तपासा. वर्तमानपत्रे जोडून चौकटीच्या नेमक्या मापाचा कागद कापा, कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि काही दिवस तसाच राहू द्या. सकाळच्या उजेडात, दिव्यांच्या प्रकाशात, उभ्याने आणि बसून पाहा. आग पेटवताना मात्र तो कागद न चुकता काढा.

६. वजन काढा

काचेचे वजन तोंडी काढता येते: प्रत्येक चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. ९० बाय १२० सेंटिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा आरसा म्हणजे १.०८ चौरस मीटर, आणि त्याचे वजन चौकट सोडून साडेतेरा किलो भरते. तयार वस्तू असेल तर ती हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचे वजन वजा करा. आलेल्या वजनाच्या निदान तिप्पट भार पेलू शकतील असे हूक आणि अँकर निवडावेत.

मागे तार बांधून एकाच हुकावर टांगण्याची पद्धत हलक्या चौकटींसाठी ठीक आहे. जड वस्तूसाठी ती घातक ठरते, कारण तार जितकी आडवी आणि ताठ तितका तिच्यावरचा ताण वाढतो. १२ किलोच्या चौकटीची तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर तारेच्या प्रत्येक बाजूवर पूर्ण १२ किलोचा ताण येतो. कोन १० अंशांवर आला तर तोच ताण जवळजवळ ३५ किलो होतो. तीच चौकट दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोन वेगळ्या हुकांवर सरळ टांगली, तर प्रत्येक हुकावर फक्त ६ किलो येतात. म्हणून १० किलोच्या पुढे दोन हूक, आणि २० किलोच्या पुढे एकमेकांत अडकणाऱ्या तिरक्या कापाच्या दोन पट्ट्या, ज्यांतील एक भिंतीवर आणि दुसरी चौकटीच्या मागे बसते, हाच मार्ग धरावा.

७. भिंत ओळखा

बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर जिप्सम बोर्ड असून मागे लाकडाच्या किंवा धातूच्या उभ्या पट्ट्या आहेत. भरीव, बधिर आवाज आला तर वीट, दगड किंवा काँक्रीट आहे.

पोकळ भिंतीत जड वस्तूचा स्क्रू उभ्या पट्टीतच जायला हवा. गॅसच्या आणि तयार बसवलेल्या फायरप्लेसमध्ये या पोकळीतून धुराची धातूची नळी वर गेलेली असते आणि तिच्याभोवती मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. मध्यभागी लांब स्क्रू घालणे म्हणजे थेट त्या नळीकडे जाणे होय. नळीचा मार्ग पुस्तिकेत पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. गॅसची नळी आणि विजेच्या तारा शोधक यंत्राने तपासा.

विटांच्या भिंतीत छिद्र विटेत पाडावे की सांध्यातील चुन्या-सिमेंटमध्ये, यावर कारागिरांत दोन मते आहेत. सांध्यात पाडलेले छिद्र नंतर बुजवणे सोपे जाते आणि वीट विद्रूप होत नाही. हलक्या आणि मध्यम वजनासाठी मी तेच सुचवतो. जड आरशासाठी मात्र भरीव, न तडकलेल्या विटेच्या मध्यात अँकर बसवावा, कारण जुना सांधा भुसभुशीत झालेला असतो आणि प्रसरण पावणारा अँकर त्याला आतून फोडतो. सांधा बोटाने खरवडल्यावर वाळू गळत असेल, तर त्याच्यावर कसलाच भार टाकू नका.

छिद्र पाडायचेच नसेल तर विटेच्या वरच्या आणि खालच्या कडेला पकडणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा मिळतात. त्यांच्यासाठी सांधा विटेपेक्षा थोडा आत असावा लागतो. चिकटणाऱ्या पट्ट्या येथे वापरू नयेत: खरखरीत विटेवर त्या धरत नाहीत आणि उष्णतेने त्यांचा गोंद मऊ पडतो.

घर जुने असेल आणि फायरप्लेसभोवती सिमेंटच्या पत्र्यासारखे राखाडी बोर्ड दिसत असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे धूळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज, असू शकते. नमुना तपासून घेईपर्यंत तिथे ड्रिल चालवू नये.

८. छिद्र पाडा

चौकट जमिनीवर पालथी ठेवा. तार असेल तर ती हुकाने वर ओढून धरा आणि वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचे अंतर मोजा. कड्या असतील तर कडीच्या आतल्या वरच्या टोकापर्यंत मोजा. भिंतीवर चौकटीची वरची कड जिथे येणार आहे, तिथून हे अंतर खाली मोजले की हुकाची जागा मिळते. दोन हूक असतील तर दोन्ही खुणा पाणसळीने जुळवा. मँटलवरून मोजू नका. जुन्या मँटल बऱ्याचदा एका बाजूला उतरलेल्या असतात.

बिटावर ४ ते ५ सेंटिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा आणि तिथे थांबा. आधी बारीक बिटाने, हॅमर बंद ठेवून सुरुवात करा, मग योग्य मापाचे बिट लावून हॅमर चालू करा. टाइल असेल तर खुणेवर कागदी पट्टी चिकटवा म्हणजे बिट घसरणार नाही, टाइलसाठीचेच बिट घ्या आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर अजिबात लावू नका.

बाहेर पडणाऱ्या भुकटीवर लक्ष ठेवा, आत काय चालले आहे ते तीच सांगते. लाल भुकटी म्हणजे वीट, करडी म्हणजे सांधा. ड्रिल एकाएकी हलके होऊन पुढे गेले किंवा भुकटीत काळी काजळी दिसली, तर तुम्ही नळीच्या पोकळीजवळ पोहोचला आहात. तिथेच थांबा, ते छिद्र उष्णता सहन करणाऱ्या सिमेंटने पूर्ण बुजवा आणि धुराडे तपासणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय आग पेटवू नका.

छिद्रातील भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर रॉल प्लग घट्ट बसत नाही. भिंत ४० अंशांच्या वर तापत असेल तर प्लास्टिकच्या प्लगऐवजी धातूचा अँकर वापरा.

९. टांगा

फायरप्लेससमोरचा ओटा जमिनीपेक्षा उंच असल्यास शिडीचा एक पाय ओट्यावर आणि एक जमिनीवर अशी कसरत करू नका. शिडी पूर्ण ओट्यावर किंवा पूर्ण जमिनीवर ठेवा. एकाने चौकट धरावी, दुसऱ्याने कड्या हुकात बसल्याची खात्री करावी. हात सोडण्याआधी चौकट हलकेच खाली ओढून पाहा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मागून रबराच्या किंवा बुचाच्या छोट्या गोट्या चिकटवा. त्यामुळे मागे हवा खेळती राहते, भिंतीची उष्णता चौकटीत साठत नाही आणि चौकट तिरकी होत नाही.

टांगण्याऐवजी मँटलवर टेकवून ठेवायचे असेल तर मँटल निदान १५ सेंटिमीटर खोल हवी, खाली न घसरणारी रबरी पट्टी हवी आणि वरच्या कडेला भिंतीशी जोडणारी एक कडी हवीच, मग घरात लहान मुले असोत वा नसोत.

१०. पहिल्या काही वेळा आग पेटवल्यानंतर

पहिल्यांदा आग पेटवल्यावर दोन तासांनी चौकटीच्या मागे हात घालून पाहा आणि थर्मामीटरने पुन्हा वाचन घ्या. चौकटीमुळे मागची हवा अडत असल्याने हा आकडा मोकळ्या भिंतीपेक्षा जास्त येऊ शकतो. तो तुमच्या वस्तूच्या मर्यादेपलीकडे गेला तर चौकट थोडी वर घ्या किंवा मागच्या गोट्या जाड लावा. थंडीचा मोसम संपला की हूक आणि स्क्रू हाताने हलवून बघा, सैल वाटले तर आवळा. दरवर्षी धुराडे साफ करायला माणूस येण्याच्या आदल्या दिवशी चौकट उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि ती परत लावण्याआधी तिच्या मागची भिंत त्याच पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा.